जुन्या घराची खिडकी स्वतः बदलताना : भार, माप आणि पाणी

पिकांच्या अंकात खिडकीवरचा लेख पाहून आपणास थोडे आश्चर्य वाटेल. परंतु सातारा व सांगली जिल्ह्यांतील गावांत प्रात्यक्षिकांच्या निमित्ताने जाणे होते, तेव्हा पिकाविषयी बोलून झाले की पुष्कळदा घराविषयी विचारणा होते. कोणाच्या खिडकीची चौकट वाळवीने पोखरलेली असते, कोणाची झडप पुराच्या पाण्याने फुगून बंद होत नाही, तर कोणाकडे पावसाळाभर खिडकीखालची भिंत ओली राहते. गावातला सुतार वेळेवर मिळत नाही आणि मिळाला तरी एका खिडकीसाठी यायला तयार होत नाही. अशा वेळी घरातील दोन माणसांनी मिळून हे काम करणे शक्य आहे. मात्र कोणते काम आपण करावे, कोणते गवंड्याकडे सोपवावे आणि कशाकशाची खबरदारी घ्यावी, हे आधी समजून घेणे आवश्यक आहे.

सुरुवातीलाच स्वतःची चूक सांगतो. वाळवा तालुक्यात कृष्णाकाठी आमचे जुने घर आहे. भिंती मातीत बांधलेल्या विटांच्या. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात त्यात पाणी उभे राहिले. त्या वेळी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट आहे, यावरून त्या पुराचा अंदाज यावा. पुढच्या वर्षी उन्हाळ्यात टाळेबंदीमुळे सुतार मिळेना, म्हणून मी स्वतःच माजघराची खिडकी काढायला घेतली. खालचे लाकूड निघाले, एक उभे लाकूड सुटले आणि वरून मातीचा बारीक चुरा गळू लागला. मी हात थांबवला आणि गल्लीतल्या वयस्क गवंडी मामांना हाक मारली. त्यांनी आधी सर्वांना खोलीबाहेर काढले, तुळईखाली टेकू दिला आणि मग म्हणाले, “सर, ही चौकट खिडकीची न्हाई, भिंतीची हाय.” माथ्यावरची दोन-अडीच फूट भिंत व तिच्यावर टेकलेली तुळई, हा सर्व भार त्या पोखरलेल्या चौकटीवरच होता. आणखी एक उभे लाकूड काढले असते, तर काय झाले असते हे सांगायला नको. या लेखातील पहिली व सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

माथ्यावरचा भार कोण पेलतो, ते आधी पाहावे

नवीन बांधकामात खिडकीच्या माथ्यावर काँक्रीटचे लिंटेल असते. भिंतीचा भार लिंटेल घेते आणि चौकट नुसती मोकळ्या जागेत बसवलेली असते. जुन्या घरांत मात्र तीन प्रकार आढळतात. काही ठिकाणी माथ्यावर एकसंध दगड असतो. काही ठिकाणी लाकडी फळ्या असतात आणि त्या दोन्ही बाजूंना भिंतीत शिरलेल्या असतात. काही ठिकाणी स्वतंत्र आधार काहीच नसतो, चौकटीच्या वरच्या आडव्या लाकडावरच भिंत रचलेली असते.

आपल्या घरात कोणता प्रकार आहे, हे बाहेरून गिलाव्यावरून कळत नाही. त्यासाठी चौकटीच्या वर चार बोटे रुंदीची पट्टी छन्नी-हातोडीने हलक्या हाताने सोलावी. ही पट्टी खिडकीच्या दोन्ही बाजूंना आणखी वीतभर न्यावी. आत सलग काँक्रीट किंवा एकसंध दगड दिसला व तो दोन्ही टोकांना निदान सहा इंच भिंतीवर टेकलेला असेल, तर पुढील काम घरच्या घरी करता येते. लाकडी फळ्या असतील तर दाभणाने टोचून पाहावे. लाकूड कुजके किंवा पोखरलेले निघाल्यास अथवा आधारच नसल्यास चौकट काढू नये.

पुढीलपैकी एकही गोष्ट आढळल्यास काम अनुभवी गवंड्याकडूनच करून घ्यावे.

१) खिडकीच्या कोपऱ्यापासून वर तिरकी गेलेली भेग आहे.
२) भिंतीला पोट आले आहे किंवा ती ओळंब्यातून सुटली आहे.
३) मजल्याची अगर छपराची तुळई बरोबर खिडकीच्या माथ्यावर टेकली आहे.
४) भिंत मातीत रचलेल्या दगडांची किंवा कच्च्या विटांची आहे व माथ्यावर काँक्रीट नाही.
५) खिडकीची रुंदी चार फुटांपेक्षा जास्त आहे.
६) खिडकी आहे त्यापेक्षा मोठी करावयाची आहे.

शेवटचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. आपला भाग भूकंपाला अपरिचित नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर परिसरात झालेल्या भूकंपात सुमारे १८० माणसे दगावली. कोयना-वारणा परिसरात लहान धक्के पुढेही जाणवत राहिले आहेत. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात हजारो माणसे गेली, ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि जड माळवदे कोसळून. माण, आटपाडी, जत या भागांतील जुनी माळवदाची घरे याच धर्तीची आहेत. भिंतीत जितकी भोके जास्त व कोपऱ्याच्या जितकी जवळ, तितकी ती धक्क्यात दुबळी ठरते. म्हणून एकमजली घरात एका भिंतीतील दारे-खिडक्यांची एकूण रुंदी त्या भिंतीच्या लांबीच्या निम्म्यापेक्षा कमी असावी. खिडकी कोपऱ्यापासून व दुसऱ्या खिडकीपासून निदान दोन फूट दूर असावी. घराभोवती लिंटेलच्या पातळीला काँक्रीटचा सलग पट्टा असेल, तर तो कोणत्याही कारणाने तोडू नये. खिडकी उंच करण्याच्या नादात तो कापला, तर घराचा कमरपट्टाच सुटला असे समजावे.

भिंतीला वाफसा येऊ द्यावा

जमिनीला वाफसा आल्याशिवाय आपण औत घालत नाही. भिंतीचेही तसेच आहे. पुराचे पाणी ओसरल्यावर गिलावा वरून वाळलेला दिसतो, पण मातीची भिंत आतून ओली असते आणि ओल्या मातीत भार पेलण्याची ताकद कमी असते. जुलै २००५, ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ या तिन्ही पुरांचे पाणी ज्या घरांत आले, तेथे हे विशेष लक्षात ठेवावे.

भिंत वाळली की नाही, हे पाहण्याची सोपी रीत अशी. दीड फूट लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिक कागद भिंतीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात. एक दिवस व एक रात्र तसाच ठेवावा. कागदाच्या आतील बाजूस दव धरले किंवा भिंतीचा रंग गडद झाला, तर ओल अद्याप शिल्लक आहे. आठ-दहा दिवसांनी पुन्हा पाहावे.

कामासाठी मार्च अखेर ते मेचा पहिला पंधरवडा हा काळ सोयीचा आहे. शाळू घरी आलेला असतो, द्राक्षाची काढणी उरकलेली असते आणि वळवाचा जोर वाढण्यापूर्वी गिलाव्याला पाणी मारण्यास वेळ मिळतो. या दिवसांत लाकूड सर्वांत कोरडे असते. पावसाळ्यात ते फुगते. म्हणून उन्हाळ्यात लाकडी झडप बसवताना झडप व चौकट यांत चहूबाजूंनी सुमारे ३ मिलिमीटर फट ठेवावी. घट्ट बसवलेली झडप आषाढात अडकलीच म्हणून समजावे.

बदलण्याचे तीन मार्ग

खिडकी बदलायची म्हणजे चौकटीसह सर्व उखडायचे, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाही. कमीत कमी तोडफोडीपासून सुरुवात करावी.

१) केवळ झडपा बदलणे : चौकट चांगली असल्यास हा मार्ग उत्तम. चौकटीचे खालचे आडवे लाकूड व उभ्या लाकडांचा खालचा वीतभर भाग दाभणाने टोचून पाहावा, कारण कुज तेथूनच सुरू होते. दाभण पाव इंचापेक्षा जास्त सहज शिरत नसेल, तर लाकूड चांगले आहे. बिजागऱ्या बदलणे, झडप रंधून घेणे किंवा नवीन झडप बसवणे एवढ्यावर काम भागते.

२) जुन्या चौकटीच्या आत नवी चौकट बसवणे : जुनी चौकट भक्कम आहे, पण झडपा व गज गेले आहेत, अशा ठिकाणी झडपा काढून आत ॲल्युमिनियमची किंवा यूपीव्हीसीची तयार खिडकी स्क्रूने बसवता येते. भिंतीला हात लावावा लागत नाही. माथ्याचा भार चौकटीवर असेल व चौकट मजबूत असेल, तर हाच मार्ग सुरक्षित आहे. तोटा एवढाच की उजेडाची जागा दोन्ही दिशांनी दोन-तीन इंच कमी होते.

३) चौकटीसह बदलणे : चौकट कुजली आहे व माथ्यावर काँक्रीट किंवा दगडाचा स्वतंत्र आधार असल्याची खात्री झाली आहे, तेव्हाच हा मार्ग धरावा.

कोणत्या प्रकारची खिडकी घ्यावी

मुरलेले सागवान टिकाऊ असते, पण महाग पडते. स्वस्त म्हणून ओले लाकूड घेऊ नये. ते वर्षभरात पिळवटते. लोखंडी चौकट मजबूत असते, पण पाटण, जावळी, महाबळेश्वर भागातील पावसात रंगाची निगा न राखल्यास गंजते. ॲल्युमिनियम व यूपीव्हीसीला वाळवी लागत नाही आणि ते पाण्याने फुगत नाही, म्हणून कृष्णा-वारणाकाठच्या घरांना ते सोयीचे आहे. सिमेंट काँक्रीटच्या तयार चौकटी स्वस्त व टिकाऊ असतात, मात्र जड असल्याने उचलायला तीन-चार माणसे लागतात.

येथे एक हिशेब ध्यानात घ्यावा. कोरड्या व उष्ण हवामानात खोलीच्या क्षेत्रफळाच्या निदान दहावा हिस्सा एवढी हवेची जागा असावी, असा बांधकामशास्त्रातील संकेत आहे. १० × १२ फुटांच्या खोलीचे क्षेत्रफळ १२० चौरस फूट, म्हणजे १२ चौरस फूट, अर्थात ३ × ४ फुटांची खिडकी हवी. दोन दारी सरकती खिडकी एका वेळी निम्मीच उघडते. म्हणजे तिच्या ३ × ४ फुटांतून हवेला ६ चौरस फूटच मिळतात. स्वयंपाकघरात, विशेषतः चूल पेटत असेल तेथे, उघडझाप करणाऱ्या बिजागरीच्या झडपाच असाव्यात व समोरच्या भिंतीत उंचावर धूर जाण्यास झरोका ठेवावा. धान्याच्या किंवा बेदाण्याच्या खोलीस आतून पाव इंच भोकांची मजबूत लोखंडी जाळी लावावी. मच्छरदाणीची नायलॉन जाळी उंदीर एका रात्रीत कुरतडतो.

गजाबद्दलही एक सूचना. चोराच्या भीतीने सर्व खिडक्यांना पक्के गज बसवले जातात. परंतु आग लागली किंवा दारातून पाणी शिरले, तर बाहेर पडण्यास मार्ग उरत नाही. प्रत्येक झोपण्याच्या खोलीत निदान एका खिडकीची जाळी बिजागरीवर उघडणारी ठेवावी. तिची कडी आतून असावी व कुलूप असल्यास किल्ली तेथेच पण बाहेरून हात पोहोचणार नाही अशी टांगावी. घरातील मुलांना व म्हाताऱ्या माणसांना ती उघडून दाखवावी.

लागणारी अवजारे

यातील निम्मी अवजारे शेतकऱ्याच्या घरी असतातच.

मोजण्यासाठी : पोलादी टेप, ओळंबा, गुण्या, पाणसळ, दोरा व पेन्सिल. लांबलेली कापडी फीत वापरू नये. दोन खिडक्यांची पातळी एक ठेवायची असेल, तर समपातळी रेषा आखण्यासाठी वापरतात तशी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घ्यावी. नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये, नाहीतर पातळी चुकते.

काढण्यासाठी : छन्नी, हातोडी, लहान पहार, लाकडाची करवत, लोखंड कापण्याची करवत, पक्कड व पेचकस.

बसवण्यासाठी : पटाशी, रंधा, विजेचे ड्रिल, लाकडी पाचरी, थापी, घमेले, स्क्रू व प्लग.

पहार म्हणून नांगराची मोडकी लोखंडी वस्तू वापरण्याचा मोह होतो. तिचे टोक जाड असल्याने विटा फुटतात. पातळ टोकाची दीड-दोन फुटांची पहार लोहाराकडून करून घ्यावी. पाचरी मात्र घरीच करता येतात. बाभळीच्या वाळलेल्या लाकडाच्या, एका टोकाला पाऊण इंच व दुसऱ्या टोकाला निमुळत्या अशा बारा-पंधरा पाचरी आधीच तयार ठेवाव्यात. चौकट ओळंब्यात आणण्याचे खरे काम पाचरीच करतात.

विजेची कापणी यंत्रे, म्हणजे ग्राइंडर, भाड्याने मिळतात. त्यांच्यामुळे काम लवकर होते, पण अपघातही होतात. चकतीवरील संरक्षक पत्रा कधीही काढू नये. ग्राइंडरला लाकूड कापण्याची दातेरी चकती लावू नये. ती अडकली की यंत्र हातातून उसळते. डोळ्यांवर चष्मा असावा, उपरणे किंवा सैल बाही असू नये आणि वायरला जोड असल्यास तो उघडा नसावा. एकाच खिडकीचे काम असेल, तर हाताची करवत पुरेशी आहे. दहा-बारा शेतकऱ्यांच्या गटाने ड्रिल, पाणसळ व चष्मे यांचा एक संच सामाईक ठेवल्यास सर्वांची सोय होते.

माप कसे घ्यावे

तयार खिडकी एकदा आली की बदलून मिळत नाही. म्हणून माप दोनदा घ्यावे व दोघांनी स्वतंत्रपणे घ्यावे. जुन्या घरात कोणतेही भोक काटकोनात नसते.

रुंदी वर, मध्ये व खाली अशी तीन ठिकाणी मोजावी. उंची डावीकडे, मध्ये व उजवीकडे मोजावी. दोन्ही कर्ण मोजावेत. रुंदी व उंचीची सर्वांत लहान मापे धरावीत व त्यांतून प्रत्येकी १ सेंटिमीटर वजा करावा. उदाहरणार्थ, रुंदी ९१.४, ९०.८ व ९१.१ सेंटिमीटर आली, तर सर्वांत लहान ९०.८. त्यातून १ वजा जाता खिडकीची रुंदी ८९.८ सेंटिमीटर सांगावी. उंची १२१.५, १२०.९ व १२१.२ आली, तर ११९.९ सेंटिमीटर सांगावी. सरासरी काढू नये. सरासरीच्या मापाची चौकट अरुंद जागी अडकते.

दोन कर्णांतील फरक १ सेंटिमीटरपेक्षा जास्त आल्यास भोक तिरके आहे. तेव्हा एवढी वजावट पुरत नाही. दोन्ही बाजूंना वरून ओळंबे सोडून त्यांतील मोकळे अंतर मोजावे व तेच रुंदी म्हणून धरावे. उरलेली पाचरीच्या आकाराची फट नंतर गिलाव्याने भरता येते. गुण्या नसेल तर फळबागेच्या आखणीत वापरतो तीच ३-४-५ ची रीत वापरावी. एका बाजूला ३० व दुसऱ्या बाजूला ४० सेंटिमीटरवर खूण करून दोन खुणांतील अंतर ५० आले, तर कोपरा काटकोनात आहे.

जुनी चौकट काढताना

प्रथम त्या खोलीचा विजेचा पुरवठा बंद करावा. खिडकीजवळच्या भिंतीतून वायर किंवा नळ गेला आहे काय, हे पाहावे. काचेवर चिकटपट्टी उभी-आडवी लावून काच आधी काढावी, मग झडपा उतरवाव्यात.

जुन्या तैलरंगाविषयी सावध राहावे. पूर्वीच्या रंगांत शिसे पुष्कळ असे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा कमी असावे, असा नियम २०१६ मध्ये झाला व नोव्हेंबर २०१७ पासून तो लागू झाला. म्हणून त्यापूर्वीचा रंग कोरडा घासू नये व दिव्याने जाळू नये. पाणी शिंपडून ओला करून खरवडावा, नाकाला फडके बांधावे, लहान मुलांना व गरोदर स्त्रियांना तेथे येऊ देऊ नये. खरवडलेला रंग उकिरड्यात टाकू नये, कारण ते खत पुढे शेतात जाते. जुन्या रंगवलेल्या चौकटीचे तुकडे चुलीत घालू नयेत. छज्जा जुन्या सिमेंटच्या पत्र्याचा असल्यास तो ग्राइंडरने कापू नये, त्याची धूळ फुप्फुसांस घातक असते.

त्यानंतर चौकटीभोवतीचा गिलावा छन्नीने बोटभर सोलावा. चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या दिसतील. त्या लोखंडी करवतीने कापाव्यात, पहारीने उपटू नयेत, कारण त्यांच्याबरोबर विटा निघून येतात. खालचे आडवे लाकूड मध्ये कापून दोन तुकड्यांत काढावे. मग उभी लाकडे आतल्या बाजूस ओढावीत. वरचे लाकूड सर्वांत शेवटी काढावे. या दरम्यान वरून माती गळू लागली, भेग वाढली किंवा करवत लाकडात आवळली जाऊ लागली, तर भार खाली येत आहे असे समजून काम तेथेच थांबवावे व खोली रिकामी करावी.

वाळवीचे मातीचे बोगदे दिसल्यास ते कोठून आले, ते जमिनीपर्यंत शोधावे. नुसती चौकट बदलून वाळवी जात नाही. भिंतीच्या पायथ्याशी टेकून ठेवलेला पाचोळा, सरपण व कडबा आधी हलवावा.

नवी चौकट बसवताना

लाकडी चौकटीचा भिंतीला लागणारा भाग डांबराने दोन हात रंगवून वाळवावा. चौकट जागेवर उभी करून खाली दोन व बाजूंना पाचरी हलक्या हाताने ठोकाव्यात. पाणसळीने तळ, ओळंब्याने दोन्ही उभ्या बाजू व टेपने कर्ण तपासावेत. दोन्ही कर्ण सारखे आले म्हणजे चौकट काटकोनात आहे. झडप एकदा उघडून-मिटून पाहावी. अर्ध्यावर उघडलेली झडप जागच्या जागी राहिली पाहिजे. ती आपोआप मिटत किंवा उघडत असेल, तर चौकट ओळंब्यात नाही.

पक्क्या विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत प्लग व स्क्रूने चौकट बसते. पहिला स्क्रू कोपऱ्यापासून सुमारे आठ इंचांवर व पुढचे दीड-दोन फुटांवर घ्यावेत. स्क्रू विटेच्या पोटात जावा, सांध्यात नको. मातीच्या भिंतीत प्लग धरत नाही. तेथे लोखंडी पट्ट्या चौकटीला लावून, भिंतीत वीतभर खोल खाचा घेऊन १:२:४ प्रमाणाच्या काँक्रीटने त्या पक्क्या कराव्यात. एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू व चार भाग बारीक खडी. हे काँक्रीट सात दिवस ओले ठेवावे. तोवर पाचरी काढू नयेत व झडपा लटकवू नयेत. फटी भरण्यासाठी फवाऱ्याचा फोम मिळतो. तो फट बुजवतो, भार घेत नाही, हे विसरू नये.

पाणी बाहेर जाईल अशी व्यवस्था

आपल्या दोन जिल्ह्यांत पावसाचे मान फार वेगळे आहे. महाबळेश्वरी वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक, तर माण व जत भागात ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. परंतु वळवाचा पाऊस दोन्हीकडे वाऱ्याबरोबर आडवा येतो. खिडकीची गळती बहुधा फटीतून नव्हे, तर चुकीच्या उतारामुळे होते.

खिडकीखालच्या बाहेरील कठड्याला बाहेरच्या बाजूस उतार द्यावा. २० सेंटिमीटर रुंदीला २ सेंटिमीटर पुरे. कठडा भिंतीच्या पुढे दोन बोटे काढावा व त्याच्या तळाशी काठाजवळ बोटभर रुंद खाच घ्यावी. अशीच खाच छज्जाच्या तळालाही असावी. पाणी तळाला चिकटून भिंतीकडे येते, ते खाचेपाशी तुटून खाली पडते. पश्चिम व नैर्ऋत्येकडील खिडक्यांवर निदान दीड फूट रुंदीचा छज्जा असावा.

सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीला बाहेरील बाजूस बारीक छिद्रे असतात. ती पाणी जाण्यासाठी असतात. ती आतल्या बाजूस येतील अशी खिडकी उलटी बसवू नये व सिमेंटने बुजवू नयेत. मृगापूर्वी दरवर्षी काडी घालून साफ करावीत.

काम पूर्ण झाल्यावर, गिलावा पक्का होताच, बाहेरून पाइपने दहा मिनिटे पाणी मारून आतून पाहावे. पाणी खालून वर मारू नये, पावसासारखे वरून पडू द्यावे. याकरिता फवारणीचा पंप वापरू नये, त्यात औषधाचा अंश राहिलेला असतो. आत ओल दिसल्यास रंग देण्यापूर्वीच दुरुस्ती करावी.

सारांश

खिडकी बदलताना तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. माथ्यावरचा भार कोण पेलतो? सर्वांत लहान माप कोणते? पडलेले पाणी कोठे जाणार? पहिल्या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर मिळाले नाही, तर पुढचे दोन विचारू नयेत आणि गवंड्याला बोलवावे. त्याची दोन दिवसांची मजुरी भिंतीच्या किमतीपुढे काहीच नाही. आमच्या माजघराची चौकट शेवटी त्या मामांनीच काढली. त्यांनी आधी माथ्यावर लिंटेल बसवले व ते पक्के होईपर्यंत टेकू हलवले नाहीत. उरलेल्या दोन खिडक्यांना मी आतून नवी चौकट बसवली व भिंतीला हात लावला नाही. जुलै २०२१ च्या पुरात पाणी पुन्हा घरात आले. ओसरल्यावर त्या तिन्ही खिडक्या पूर्वीसारख्याच उघडल्या. शेतकरी बंधू-भगिनींनी येत्या उन्हाळ्यात हे काम हाती घेण्यापूर्वी प्रथम चौकटीच्या माथ्यावरची चार बोटे गिलावा सोलून पाहावा. बाकीचे काम त्यानंतर ठरवावे.